"साहेब कुठं आहेत?" असं विचारणाऱ्यासमोर काय घालून उभं राहायचं?

वाचक ताईंचं पत्र, थोडक्यात:

मी ३१ वर्षांची, मेकॅनिकल इंजिनिअर. कोल्हापूरजवळ शिरोली एमआयडीसीत आमचं मशीन शॉप आहे, फाउंड्रीतून आलेल्या कास्टिंगचं, म्हणजे ओतीव भागांचं, मशीनिंग करतो. बाबांची बायपास झाल्यापासून शॉप मीच बघते. रोजचा वेष म्हणजे जीन्स, सुती शर्ट नाहीतर कुर्ती आणि सेफ्टी शूज. मागच्या महिन्यात पुण्याच्या एका कंपनीचे लोक व्हेंडर ऑडिटला, म्हणजे माल पुरवणाऱ्याची तपासणी करायला आले, त्यातल्या एकानं मला बघून विचारलं, "साहेब कुठं आहेत? आणि जरा चहाचं बघा." मी गप्प बसले, फोरमननं बाबांना घरून बोलावून आणलं. तेव्हापासून डोक्यात कपड्यांचाच विषय आहे. मिस्टर म्हणतात ब्लेझर घाल, आत्या म्हणते साडीतल्या बाईला लोक मान देतात, मैत्रीण म्हणते आहे तशीच रहा. ब्लेझर आणला, घालून शॉपवर गेले तर ऑपरेटर म्हणाला, "मॅडम, आज इंटरव्ह्यू हाय काय?" साडी मला आवडते पण नेसली की काकूबाई वाटते. कॉलनीत जीन्स दिसली की "पोरगाच झालीय जणू" ऐकू येतं. पुढच्या महिन्यात परत ऑडिट आहे, शिवाय उद्योजकांच्या एका कार्यक्रमात आमच्या युनिटचा सत्कार आहे. गेल्या वर्षी तिथं पुरुषांना फेटे बांधले आणि मला साडी देऊन ओटी भरली. व्हिजिटिंग कार्डवर अजून बाबांचंच नाव आहे, पण तो विषय वेगळा. मला एवढंच सांगा, नेमकं काय घालू म्हणजे लोक सिरियसली घेतील?

ताई,

"तो विषय वेगळा" असं तुम्ही जाता जाता लिहून गेलाय, आणि मला राहून राहून वाटतंय की तोच खरा विषय आहे. त्याच्याकडं येतेच मी. पण आधी कपड्यांचं बोलू, कारण "कपड्यांनी काय होतंय, काम बोलतं" असं सांगून तुमची बोळवण करणं मला पटत नाही. काम बोलतं हे खरं, पण काम बोलायला लागेपर्यंत समोरचा माणूस कान उघडे ठेवून बसला पाहिजे ना, आणि तुमच्या बाबतीत तो आल्या आल्याच चहा मागून मोकळा झाला.

फरक पडतो, आणि तो आपल्याला वाटतो त्यापेक्षा फार लवकर पडतो. अमेरिकेतल्या प्रिन्स्टन विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१९ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला होता. त्यात लोकांना चेहऱ्यांचे फोटो दाखवले, खाली कपडे वेगवेगळे, काही जरा श्रीमंती वाटणारे काही साधे, आणि विचारलं की हा माणूस किती हुशार, किती सक्षम वाटतो. चेहरा तोच असला तरी कपडे जरा भारी दिसले की लोक जास्त मार्क द्यायचे. फोटो फक्त १२९ मिलीसेकंद दाखवला, म्हणजे पापणी लवेल एवढ्यात, तरी तेच. कपड्यांकडं लक्ष देऊ नका म्हणून स्पष्ट सांगितलं, तरी तेच. बरोबर उत्तर दिलं तर पैसे देऊ म्हणलं, तरी तेच. आता बघा, एवढं सांगूनसुद्धा ज्याला नजर आवरत नाही तो दोष बघणाऱ्याच्या नजरेतला झाला. त्या ऑडिटरनं जे केलं ते तुमच्या शर्टामुळं झालं असं मनाला लावून घेऊ नका. ती त्याची चूक आहे, पण त्याचा हिशोब तुम्हाला चुकवावा लागतोय, आणि हा अन्याय आहे हे आधी सरळ म्हणून टाकू. तुमच्या बाबांनी साध्या हाफ शर्टात, बोटाला ग्रीस लागलेलं असताना कुणाशी हात मिळवला असता तर तो माणूस मनात म्हणाला असता, वा, मालक स्वतः मशीनवर उभा राहतो. तुम्ही तसंच केलं तर तुम्ही स्टाफ ठरता.

दुसरी गोष्ट, कपड्यांचा विचार करणं म्हणजे वरवरचं वागणं, असं काहीसं तुमच्या पत्रात डोकावतंय, जणू काही असा प्रश्न विचारतेय म्हणून तुम्हालाच संकोच वाटतोय. तो काढून टाका. आपल्याकडं कपड्यांनी माणसाला जागेवर बसवायचं काम पिढ्यानपिढ्या झालंय, कुणी काय नेसायचं, कुठपर्यंत नेसायचं, कुठला दागिना घालायचा हे जातीवरून ठरायचं. म्हणून १९२७ च्या डिसेंबरात महाडला बाबासाहेब आंबेडकरांनी बायकांपुढं वेगळं भाषण केलं आणि त्यात साडी कशी नेसायची, हातभर जड दागिने का सोडायचे यावर ते बोलले, कारण त्या वेषावरूनच लांबून ओळखून माणसाला कमी लेखलं जात होतं. तिथल्या बायकांनी साडी नेसायची पद्धत बदलली. एवढ्या मोठ्या लढ्यात ज्या माणसाला या विषयाला वेळ द्यावासा वाटला, त्याला हा विषय किरकोळ वाटला नव्हता. तेव्हा तुम्ही विचारताय ते योग्यच विचारताय.

पण आता जरा तुमच्याच प्रश्नाला हात घालते. "काय घालू म्हणजे लोक सिरियसली घेतील" यात तुम्ही धरून चाललाय की लोक म्हणजे एकच कुणीतरी आहे, आणि त्याला पटेल असा एक पोशाख कुठंतरी दुकानात टांगलेला आहे. तुमच्या पत्रात मोजले तर ऑडिटर वेगळा, ऑपरेटर वेगळा, आत्या वेगळी, कॉलनीतल्या काकू वेगळ्या, सत्काराचे आयोजक वेगळे. ब्लेझर पुण्याच्या माणसाला बरा वाटेल, तोच ऑपरेटरला परका वाटला. साडीनं आत्या खूश होईल, पण स्पिंडल फिरत असताना साडी नेसून उभं राहणार कसं? या सगळ्यांना एकदम खूश करणारं कापड अजून कुणी विणलेलं नाही, इचलकरंजीतसुद्धा नाही.

आणि अजून एक बघा. कपड्यांचं वजन सगळीकडं सारखं नसतं. शाहू मार्केट यार्डात गुळाच्या सौद्याला कधी गेलाय का? तिथं मळक्या पायजम्यातला माणूस लाखाचे व्यवहार करतो आणि कुणी त्याच्या कपड्याकडं ढुंकून बघत नाही, कारण त्याचं घराणं, त्याची अडत, त्याचा शब्द सगळ्यांना माहीत असतो. ओळख जेवढी कमी तेवढं कपड्यावर ओझं जास्त. म्हणजे तुमच्यापुरतं काय, तर जे पहिल्यांदा भेटणार आहेत त्यांच्यासाठी कपड्यांचा विचार करा. जे रोज बघतात, तुमचा फोरमन, ऑपरेटर, टूलवाला, ट्रान्स्पोर्टवाला, त्यांच्यासमोर ब्लेझरनं एक पैशाचा फरक पडणार नाही, तिथं पगार वेळेवर, मशीनचं सेटिंग बरोबर आणि बोललेला शब्द पाळला एवढंच चालतं.

तुमच्याच भाषेत सांगायचं तर पहिल्या भेटीतले कपडे म्हणजे फर्स्ट पीस अप्रूव्हल, पहिला नमुना पार्ट पास करून घेणं. तो पास झाला की लॉट सुरू होतो, पण पेमेंट लॉटवर होतं.

आता कामाचं. शॉपवर साडी नाही, ओढणी नाही, लोंबणारी बाही नाही, यात आत्यांचं मन राखायला जाऊ नका. पार्ट धरून फिरणाऱ्या चकजवळ कापडाचं टोक गेलं की ते बाईचं की पुरुषाचं, मालकाचं की हेल्परचं हे मशीन बघत नाही. केस घट्ट बांधून टोपीत, बांगड्या काढून, मंगळसूत्र घालत असाल तर आखूड आणि शर्टाच्या आत. कापड सुतीच घ्या, सिंथेटिकवर धातूची गरम चिप उडाली तर ते वितळून कातडीला चिकटतं. चालू मशीनची तपासणी, तेलपाणी करणाऱ्याचे कपडे अंगाला घट्ट बसणारे हवेत आणि ते मालकानं पुरवावेत, असं १९४८ च्या जुन्या कारखाना कायद्यात लिहिलेलं होतं, आणि इथं मालकाच्या जागी तुम्ही आहात. मग असं करा ना, सगळ्या शॉपला एकाच रंगाचे शर्ट शिवा आणि त्यातलाच एक तुम्ही घाला. खिशावर युनिटचं नाव, दुसऱ्या बाजूला प्रत्येकाचं स्वतःचं नाव, आणि तुमच्या नावाखाली तुमचं पद, मराठीत लिहा इंग्रजीत लिहा पण स्पष्ट वाचता येईल असं. नुसता युनिफॉर्म घातला तर पाहुणा तुम्हाला सुपरवायझर समजण्याची शक्यता आहे म्हणून पदाचा आग्रह धरतेय. ऑपरेटरनं इंटरव्ह्यूची चेष्टा केली ना, त्याच्यासारखाच शर्ट तुमच्या अंगावर आला की तो विषय तिथंच संपेल. आणि मला वाटतं तो चेष्टेत जे बोलला त्यात थोडी काळजी पण होती, मॅडम आपल्यातून उठून कुठं चालल्या की काय.

शिवायचं लेडीज टेलरकडं नको, जेंट्स टेलरकडं टाका. हे ऐकायला छोटं वाटेल पण खिशासाठी सांगतेय. बायकांच्या तयार पँटीला खिसा म्हणजे नुसता देखावा, त्यात मोबाईल अर्धा बाहेर. तुम्हाला व्हर्नियर, पेन, छोटी डायरी, मोबाईल सगळं अंगावर लागतं आणि हातात वस्तू सावरत उभी असलेली बाई कुणाचीतरी मदतनीस वाटते, मोकळ्या हातांनी उभी असलेली मालकीण वाटते. खोल खिसे, खांद्यात बरोबर बसलेला शर्ट, बाही कोपराच्या वर. गांधीनगरला कापड घेतलं तर त्या ब्लेझरच्या पैशात तुमचे तीन-चार जोड आरामात होतील.

आणि आपल्याकडच्या शेतात बघा ना, ऊस तोडायला जाणाऱ्या बायका साडीवर नवऱ्याचा जुना फुल बाह्यांचा शर्ट चढवतात कारण पाल्यानं हात चिरतात. गगनबावड्याकडं भाताच्या लावणीला इरलं घेतात कारण पाऊस थांबत नाही. त्यांना कुणी विचारत नाही की हे बाईला शोभतं का, कारण काम समोर दिसतंय. कॉलनीत "पोरगाच झालीय" म्हणणाऱ्यांना तुमचं काम कधी दिसलेलंच नाही, त्यांना फक्त गेटमधून गाडी काढणारी जीन्स दिसते. त्यातल्या दोघी-तिघींना एखाद्या रविवारी शॉप बघायला बोलवा असं मी मनापासून सुचवते, कच्चं कास्टिंग आणि तयार पार्ट हातात देऊन दाखवा. त्यानंतरही बोलणारे बोलतील. त्यांच्यासाठी कपाट बदलू नका.

ब्लेझरचं काय? तो टाकून देऊ नका. त्याची जागा फक्त चुकलीय. पुण्याला तुम्ही त्यांच्या ऑफिसात जाल, बँकेत कर्जाची लिमिट वाढवायला बसाल, एखाद्या प्रदर्शनात स्टॉलवर उभ्या रहाल तेव्हा घाला, तिथं एसी असतो आणि समोरच्यानं तुम्हाला आधी बघितलेलं नसतं. खांद्यात तो उचलल्यासारखा वाटत असेल तर टेलरकडून आधी आल्टर करून घ्या. जो कपडा दर दोन मिनिटांनी सावरायला लागतो तो तुमचं लक्ष खातो, आणि रेटवर घासाघीस चालू असताना ते परवडत नाही. ब्लेझर नकोच वाटत असेल तर कुर्तीवर सुती जॅकेट, नाहीतर साडी. साडीत तुम्ही काकूबाई वाटता असं लिहिलंय, हे आरशानं सांगितलं की कुणीतरी? कारण त्याच पत्रात साडी आवडते असंही म्हणताय. साडी नेसलेल्या बाईला कमी समजायची सवय त्या ऑडिटरला आहे, जीन्समधल्या बाईला कमी समजायची सवय कॉलनीला आहे, आणि वाईट याचं वाटतं की थोडी थोडी दोन्ही तुमच्यातही उतरलीय. पायात कोल्हापुरी चालेल का असंही मनात येत असेल तुमच्या. शॉपवर अजिबात नाही, तिथं पुढं स्टील असलेले सेफ्टी बूटच. मीटिंगला मात्र पॉलिश केलेली चांगली कोल्हापुरी खुशाल घाला. इंटरव्ह्यूला चप्पल नको म्हणून आपणच पोरांना सांगत आलोय आणि जून २०२५ मध्ये तशीच चप्पल प्राडानं मिलानच्या रॅम्पवर चालवली, आपल्या कारागिरांचं नावसुद्धा न घेता, आरडाओरडा झाल्यावर मग मान्य केलं. चप्पल तीच होती.

आता त्या वेगळ्या विषयाकडं येते. त्या दिवशी तुमचा कमीपणा चहाच्या वाक्यानं झाला असं तुम्हाला वाटतंय. माझ्या मते त्याच्या पुढच्या दहा मिनिटांत झाला. फोरमन बाबांना आणायला गेला आणि तुम्ही जाऊ दिलं. म्हणजे ऑडिटरचा अंदाज चुकीचा होता, तो तुमच्याच लोकांनी बरोबर ठरवून दाखवला. कार्डवर बाबांचं नाव, मला वाटतं मेलच्या खाली पण त्यांचंच असेल, केबिनमधली मोठी खुर्ची त्यांची. मग तुम्ही राणीसारखा पैठणी शालू नेसलात काय किंवा सूट घातलात काय, आलेला माणूस कागदावर जे वाचून आलाय तेच शोधणार. तो साहेब शोधत होता कारण तुमच्या कार्डानंच त्याला साहेब सांगितला होता.

हे तुम्हाला का जड जातंय ते समजतं. बाबांनी शून्यातून उभं केलेलं शॉप, त्यात आजारपण झालेलं, आणि आता कार्डावरून नाव काढा म्हणायचं म्हणजे त्यांना काढल्यासारखं वाटेल. काढू नका. दोन्ही नावं घाला, बाबांचं संस्थापक म्हणून वर, तुमचं खाली पदासकट आणि तुमचा मोबाईल नंबर. ऑडिटच्या आधीचा मेल तुमच्या नावानं जाऊ दे, कोण कोण येणार, काय बघणार, किती वाजता, जेवणाचं काय, सगळं तुम्हीच विचारा. बाबांनी एक काम मात्र करावं, आणि ते फक्त तेच करू शकतात. त्या कंपनीतल्या त्यांच्या जुन्या ओळखीच्या माणसाला आधी फोन करून सांगावं की आता रेट, क्वालिटी, डिलिव्हरी सगळं पोरगी बघते, काय असेल ते तिच्याशी बोला. या एका फोननं जे होईल ते कुठल्याच कपड्यानं होणार नाही. फोरमनलाही स्पष्ट सांगून ठेवा, कुणी साहेब विचारले तर त्यानं तुमच्याकडं बोट दाखवायचं, गाडी काढून घरी पळायचं नाही.

त्या दिवशी गेटवर तुम्ही स्वतः उभ्या रहा. केबिनमध्ये बसवायच्या आधी थेट शॉपवर न्या, कारण केबिनमध्ये खुर्च्यांवरून माणसं ओळखली जातात आणि मशीनपाशी बोलण्यावरून. मागच्या ऑडिटमधले मुद्दे, त्यावर काय केलं, रिजेक्शन कितीवरून कितीवर आलं, कंट्रोल प्लॅनमध्ये काय बदल केला, हे फाईल न उघडता सांगा. आणि परत कुणी चहाचं म्हणालंच तर रागावायची गरज नाही, गप्प पण बसू नका, हसून म्हणा, "चहा येतोय. मी इथली पार्टनर, प्रॉडक्शन आणि कॉस्टिंग माझ्याकडं आहे. सुरुवात व्हीएमसी मशीनपासून करूया का?" हे वाक्य आरशासमोर मोठ्यानं म्हणून बघा, आयत्या वेळी नुसतं मनात असलेलं तोंडात येत नाही.

अशीच पत्रं अजून येतात म्हणून त्यांच्यासाठीही थोडं. एका वकील मुलीनं विचारलं होतं की सिनियरच्या पोरांसमोर माझे कपडे साधे वाटतात. अगं, तुला तर काळा कोट आणि गळ्यातला पांढरा बँड आहे, १८ ऑगस्ट २०२५ पासून आपल्या गावात हायकोर्टाचं सर्किट बेंच बसतंय, तिथं आजऱ्याहून एसटीनं आलेल्या पोरीच्या आणि तीन पिढ्यांच्या वकिलाच्या अंगावर तोच कोट असतो, तू फक्त तो धुतलेला, इस्त्रीचा आणि मापाचा ठेव. शिक्षकांचं पण तसंच, मार्च २०२४ च्या जीआरमध्ये लिहूनच दिलंय काय घालायचं आणि काय नाही, तो पटो न पटो, निदान नियम लेखी आहे आणि त्याच्याशी भांडायचं तर कागदावर भांडता येतं. खरी ओढाताण तुमच्यासारख्यांची होते, जिथं नियम कुणी लिहिलेला नाही पण मोडला की सगळ्यांना कळतो. नवीन नोकरीला लागलेल्या पोरांना मी एवढंच सांगेन की पहिले काही दिवस तुमच्या टेबलवरच्या नाही, तुमच्या एक पायरी वरच्या माणसाचे कपडे बघा आणि त्याच्या आसपास रहा. कर्ज काढून ब्रँड घेऊ नका. स्वच्छ, मापाचं, बटण न तुटलेलं, बूट पुसलेले, एवढ्यावर बहुतेक ठिकाणी निभावतं.

राहिला सत्कार. तिथं तुम्हाला अनोळखी कुणाला काही सिद्ध करायचं नाही, ते सगळे एमआयडीसीतलेच, तेव्हा तुम्हाला आवडते ती साडी नेसा, छान भारीतली, आणि खोल खिसे विसरून जा एक दिवस. साडीची ओटी भरली तर तीही आनंदानं घ्या, त्यात अपमान मानू नका, भरणारीचं प्रेम असतं त्यात. पण सत्कार मशीन शॉपचा आहे आणि तो चालवणाऱ्याला जर फेटा बांधत असतील तर तो तुम्हालाही बांधला पाहिजे. हे स्टेजवर आयत्या वेळी बोलायला अवघड जाईल. आयोजकांना चार दिवस आधी फोन करा, सरळ सांगा की आमच्या युनिटचे दोन फेटे धरा, एक बाबांचा आणि एक माझा, आणि फेटेवाल्याला केसांचा अंबाडा असणार हेही कळवायला सांगा, म्हणजे तो त्या मापानं बांधेल.